यादीत नाव कुणी घातलं, हे आधी विचारा

विमानतळावर अडवणूक झालेल्या किंवा होईल अशी भीती असलेल्या वाचकांची पत्रं आमच्याकडे आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. नावं गाळून फक्त गाव ठेवलं आहे.

मी क्रूझ जहाजावर काम करतो. जॉइनिंगसाठी मोपा विमानतळावरून निघालो, तर इमिग्रेशनच्या काउंटरवर पासपोर्ट स्कॅन केल्यावर मला बाजूला बसवलं. दोन तासांनी 'एलओसी आहे, जाता येणार नाही' एवढंच सांगून परत पाठवलं. वास्कोत भांडणाची एक जुनी केस आहे, पण मला कधी समन्स मिळालेलं नाही. आता काय करू? (वास्को)

एलओसी म्हणजे लुक आउट सर्क्युलर. वर्तमानपत्रं त्याला 'लुकआउट नोटीस' म्हणतात. तो शब्द फसवा आहे, कारण नोटीस म्हणून ती तुमच्या हातात कधी पडतच नाही. सर्क्युलर जातं विमानतळांवर आणि बंदरांवर. तुम्हाला कळतं ते काउंटरपाशी, बॅग विमानात चढल्यावर.

काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. त्याच्या पडद्यावर आलेला निरोप तो वाचतो. सर्क्युलर ब्युरो ऑफ इमिग्रेशन उघडतो, पण दुसऱ्या कुणाच्या तरी मागणीवरून. मागणी करणाऱ्याला सरकारी भाषेत ओरिजिनेटर म्हणतात. तो जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक असेल, सीबीआय, ईडी, कस्टम्स किंवा आयकर खातं असेल. पुढची सगळी धावपळ या एका नावावर ठरते, म्हणून ओरिजिनेटर कोण आणि केसचा क्रमांक काय, हे दोन प्रश्न तिथेच, शांतपणे, पुन्हा पुन्हा विचारायचे. बोर्डिंग पास आणि बॅगेचा टॅग फेकू नका. पासपोर्टवर शिक्का मारून रद्द केला असेल तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. कोर्टात अडवणुकीचा पुरावा म्हणून पुष्कळदा एवढंच हाती असतं.

तुमच्या केसमध्ये बहुधा काय झालं असेल, ते सांगतो. आरोपपत्र दाखल झालं, समन्स घराच्या पत्त्यावर आलं, तुम्ही जहाजावर होता, घराला कुलूप होतं. समन्स परत गेलं. दोन-तीन तारखा गेल्यावर अजामीनपात्र वॉरंट निघालं आणि पोलिसांनी 'आरोपी मिळून येत नाही' असा शेरा मारला. तुम्ही समुद्रात आणि कागदावर फरार! तारवटींच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या घरांत हे इतक्या वेळा घडतं, की जहाजावर जाण्यापूर्वी वकिलाकडे पत्ता आणि फोन सोडून जाणं हा आता सामानाच्या यादीतलाच भाग समजावा.

कायद्याची बाजू तुमच्याकडे बरीच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 साली सुमेरसिंग सालकन प्रकरणात ठरवून दिलं, की दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्यात आरोपी मुद्दाम अटक चुकवत असेल, किंवा वॉरंट निघूनही कोर्टात येत नसेल आणि देश सोडून जाण्याची शक्यता असेल, तरच एलओसी काढायची. त्याच वर्षी केंद्रीय गृह मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2021 मध्ये त्या एकत्र केल्या. गुन्हा दखलपात्र नसेल तर माणसाला अडवता येत नाही. तो आला-गेला एवढंच ओरिजिनेटरला कळवता येतं, हेही त्या सूचनांतच आहे. सालकन प्रकरणातलं 'मुद्दाम' हे पद तुमच्यासाठी महत्त्वाचं. सीडीसीवरचे, म्हणजे खलाशाच्या सेवानोंदीच्या पुस्तकावरचे साइन-ऑन, साइन-ऑफचे शिक्के आणि कंपनीचं सेवापत्र दाखवलं, की तारखा चुकवणं मुद्दाम नव्हतं हे पानापानावर दिसतं.

क्रम असा ठेवा. आधी वकिलासोबत स्वतः कोर्टात हजर होऊन वॉरंट रद्द करून घ्या. मग त्याच कोर्टात परदेशी जाण्याच्या परवानगीचा अर्ज करा. त्याला जॉइनिंग लेटर, जहाजाचं नाव, कराराचे महिने, परतीची अंदाजे तारीख, घरचा आणि कंपनीचा पत्ता, कोर्ट सांगेल तो जामीन किंवा अनामत हे सगळं जोडा. तिसरा अर्ज पोलीस अधीक्षकांकडे एलओसी मागे घेण्यासाठी. पोचपावतीशिवाय देऊ नका.

लोक फसतात ते यापुढे. कोर्टाच्या आदेशात 'परवानगी दिली' एवढंच असतं, एलओसीबद्दल एक शब्द नसतो. पक्षकार खुशीत तिकीट काढतो आणि त्याच काउंटरवर पुन्हा अडकतो, कारण यंत्रात काहीच बदललेलं नसतं. म्हणून 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत एलओसी स्थगित ठेवावी आणि तसं ब्युरो ऑफ इमिग्रेशनला तात्काळ कळवावं' हे वाक्य आदेशात लिहून मागा. सालकन निकालानुसार खालच्या कोर्टालाही तो अधिकार आहे. प्रमाणित प्रत ओरिजिनेटरला द्या, त्याने दिल्लीला ब्युरोकडे पाठवलेल्या पत्राची नक्कल मागून घ्या, आणि मधे किमान आठवडा मोकळा ठेवून मगच तिकीट काढा. प्रमाणित प्रत हातातल्या बॅगेत असू द्या, चेक-इन बॅगेत नको. स्थगिती मुदतीची असेल तर मुदत संपल्यावर सर्क्युलर पुन्हा जिवंत होतं, हेही ध्यानात असू द्या.

पूर्वी एलओसी वर्षभराने आपोआप सरायची. 2021 पासून ती ओरिजिनेटरने काढायला सांगेपर्यंत चालू राहते. ओरिजिनेटरने दर तिमाहीला आणि दर वर्षी फेरआढावा घ्यावा असं त्याच सूचनांत लिहिलेलं आहे. तेव्हा अर्जात विचारा, की माझ्या एलओसीचा शेवटचा आढावा कोणत्या तारखेला झाला? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तेच उच्च न्यायालयात तुमच्या कामी येतं. अधीक्षक कार्यालय गप्प बसलं तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीतल्या गोवा खंडपीठाकडे घटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करता येते. ओरिजिनेटर दुसऱ्या राज्यातला निघाला, तर 'इथे अधिकारक्षेत्र नाही' असा आक्षेप हमखास येतो. त्यावर 226(2) दाखवायचं: अडवणूक मोपावर झाली, म्हणजे कारणाचा काही भाग गोव्यात घडला.

माझ्या नावाची आणि आडनावाची माणसं सासष्टीत शेकड्याने सापडतील. दुसऱ्या कुणासाठी काढलेल्या नोटिशीत मी अडकू शकतो का? (मडगाव)

नियम नीट पाळला तर अडकू नये. एलओसी उघडताना लिंग आणि राष्ट्रीयत्व सोडून किमान तीन ओळखी द्याव्या लागतात: नाव, आईवडिलांचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक वगैरे. घोळ होतो तो पासपोर्ट क्रमांक नसतो आणि जन्मतारखेच्या जागी नुसतं साल असतं तेव्हा.

गोव्यात त्यात स्पेलिंगची भर. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत नाईकचं 'नाईके', परबचं 'पोरोबो', डिसोझाचं 'दे सौझा' झालेलं असतं, पासपोर्टवर तिसरंच आणि तिकिटावर एजंटाने जागा न सोडता सगळं एकत्र चिकटवलेलं. तिकिटावरचं नाव पासपोर्टच्या खालच्या दोन यांत्रिक ओळींत जसं छापलंय तसंच लिहून घ्या. जुने पासपोर्ट टाकू नका. नावसाधर्म्यावरून थांबवलं तर जुना पासपोर्ट क्रमांक, वडिलांचं पूर्ण नाव आणि जन्मदाखला यांनी प्रकरण तिथल्या तिथे मिटण्याची शक्यता खूप वाढते. सुटलात तरी घरी येऊन थांबू नका. 'नावसाधर्म्यामुळे थांबवलं' अशी लेखी तक्रार ब्युरोला करा आणि पुढच्या प्रवासात तिची प्रत जवळ ठेवा.

नावाने सिनेटरही सुटलेले नाहीत. 2004 मध्ये अमेरिकेत एडवर्ड केनेडींना विमानतळांवर वारंवार अडवलं गेलं, कारण 'टी. केनेडी' हे नाव कुणा संशयिताने वापरलं होतं. त्यांना थेट गृहसुरक्षा मंत्र्यांना फोन करता आला. आपल्याकडे ती सोय नाही.

मायामीहून परतताना दर वेळी माझ्या बोर्डिंग पासवर चार वेळा 'एस' छापलेला असतो आणि बॅग पूर्ण उपसतात. माझं नाव अमेरिकेच्या यादीत आहे का? (कुंकळ्ळी)

चार एस म्हणजे जादा तपासणीसाठी निवड. एकदा-दोनदा आलं तर ती नुसती नशिबाची चिठ्ठी असू शकते, दर वेळी येत असेल तर नाव कशाशी तरी जुळतंय असं समजा. पण तुम्हाला उडू देतात, म्हणजे नो-फ्लाय यादीत तुम्ही नाही. त्या यादीतल्या माणसाला बोर्डिंग पासच मिळत नाही.

उपाय मोफत आहे. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या 'डीएचएस ट्रिप' या ऑनलाइन सेवेवर अर्ज करा, पासपोर्टची प्रत जोडा, कोणत्या तारखेला कुठे थांबवलं ते लिहा. अर्जाला सात अंकी रिड्रेस क्रमांक मिळतो. उत्तर यायला महिने लागतात. अर्ज करून हा क्रमांक मिळवणारे बरेच असतात, तिकिटात घालणारे मात्र थोडेच. जहाज कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क तुमचं तिकीट काढतो ना? मग त्यांना लेखी कळवा, की बुकिंगमध्ये रिड्रेसच्या रकान्यात हा क्रमांक टाका. अमेरिकेची तपासणी मुख्यतः पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग यांवर चालते. रिड्रेस क्रमांक दिला तरच तुम्ही त्या नावाच्या दुसऱ्या माणसापासून वेगळे दिसता.

यादीत होता की नव्हता, हे मात्र ट्रिपच्या उत्तरात लिहिलेलं नसतं. ओरेगॉनच्या फेडरल न्यायालयाने 2014 मध्ये लतीफ प्रकरणात ही गुप्तता घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर नो-फ्लाय यादीमुळे उड्डाण नाकारलं गेलेल्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना स्थिती सांगू लागले. व्हिसावर जाणाऱ्याला ती सवलत नाही. चूक कशी होते याचा नमुनाही त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालात आहे. रहिना इब्राहिम या मलेशियन संशोधक विद्यार्थिनीचं नाव एका एफबीआय एजंटाने फॉर्मवरच्या चौकटी उलट्या समजून भरल्यामुळे यादीत गेलं होतं. जिथे नाव घालायचं नाही तिथे खूण करा, असं फॉर्म सांगत होता. तिला 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर बेड्या पडल्या. फॉर्मवरची चूक सरकारने कबूल केली ती खटला उभा राहिल्यावर.

मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो. तो बुडाला. आता सरकारी बँकेचा वसुली अधिकारी म्हणतो, 'पैसे भरा नाहीतर एलओसी लावतो, दुबईला मुलाकडे जाणं विसरा.' खरंच लावू शकतात? (साखळी)

बँक स्वतःच्या अधिकारात नाही. 2018 मध्ये सरकारी बँकांच्या अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालकांना एलओसी मागण्याचा अधिकार दिला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये, विराज शहा आणि इतर याचिकांवर, तो रद्द केला आणि बँकांच्या मागणीवरून निघालेल्या एलओसीही रद्द ठरवल्या. कारणं दोन: परदेशप्रवासाचा हक्क नुसत्या कार्यालयीन पत्रकाने काढून घेता येत नाही, आणि सरकारी बँकेचा कर्जदार व खासगी बँकेचा कर्जदार यांत असा भेद करायला आधार नाही. गोवा त्याच उच्च न्यायालयाखाली येतो, तेव्हा वसुली अधिकाऱ्याला निकालाचं नाव ऐकवायला हरकत नाही.

पण निश्चिंतही होऊ नका. फसवणुकीची तक्रार होऊन एफआयआर झाला तर पोलीस किंवा सीबीआय मागणी करू शकतात. कोर्टाने किंवा न्यायाधिकरणाने देश सोडू नये असा आदेश दिला असेल तर तो या निकालाने पुसला जात नाही. कर्जवसुली न्यायाधिकरणाची नोटीस आली असेल तर तिथे हजर राहा. न गेल्यानेच 'पळून जाईल' या म्हणण्याला बळ मिळतं.

दिल्ली-गोवा विमानात आमच्या ग्रुपची क्रूशी बाचाबाची झाली. थोडी घेतली होती. उतरल्यावर नावं लिहून घेतली. आता आयुष्यभर विमान बंद का? (म्हापसा)

नाही. ही विमानात गैरवर्तन करणाऱ्यांची यादी वेगळीच आहे. सुरक्षेशी तिचा संबंध कमी आणि वागणुकीशी जास्त. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, सप्टेंबर 2017 मध्ये तिचे नियम केले. तीन पायऱ्या आहेत. शिवीगाळ, हातवारे, दारूच्या नशेतला गोंधळ ही पहिली, बंदी 3 महिन्यांपर्यंत. ढकलणं, मारणं, अंगचटीला जाणं ही दुसरी, 6 महिन्यांपर्यंत. कॉकपिटमध्ये घुसणं, गळा दाबणं, विमानाच्या यंत्रणेची नासधूस ही तिसरी, किमान 2 वर्षं आणि वर मर्यादा नाही. पुन्हा तेच केलं तर आधीच्या दुप्पट.

विमानाच्या कप्तानाने तक्रार केली की ती कंपनीच्या समितीपुढे जाते. अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश, दुसरा सदस्य दुसऱ्या विमान कंपनीचा, तिसरा प्रवासी किंवा ग्राहक संघटनेचा. निर्णय 30 दिवसांत, कारणांसह, लेखी. तोवर कंपनी तुम्हाला 30 दिवस रोखू शकते. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर तुम्ही मोकळे. निर्णय मान्य नसेल तर 60 दिवसांत मंत्रालयाच्या अपील समितीकडे जाता येतं, तिथे निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायाधीश असतात, आणि त्यानंतर उच्च न्यायालय. एका कंपनीने घातलेली बंदी दुसरीवर बंधनकारक नाही.

समितीचं पत्र आलं तर उत्तर द्याच. सीट क्रमांक, शेजारच्या साक्षीदारांची नावं, कुणी मोबाइलवर चित्रण केलं असेल तर ते मूळ फाइलसकट. ग्रुपमध्ये सहा जण असतील तर सहा उत्तरं वेगळी जावीत. एकाने हात उचलला आणि पाच जण नुसते बोलले, हे समितीला तुम्हीच सांगायला हवं, नाहीतर सगळे एकाच पायरीवर बसतात. पोलिसांत वेगळी तक्रार झाली असेल तर ती याच्यासोबत संपत नाही.

कायद्याचा विद्यार्थी आहे. परदेशी जाण्याचा हक्क घटनेत नेमका कुठे लिहिलाय? (पेडणे)

लिहिलेला नाही, निकालांतून आला. देशातल्या देशात फिरणं 19(1)(ड) मध्ये. परदेशप्रवास अनुच्छेद 21 मधल्या 'व्यक्तिगत स्वातंत्र्या'त बसतो, असं 1967 मध्ये सतवंतसिंग सॉहनी प्रकरणात तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा करावा लागला. जानेवारी 1978 मध्ये मनेका गांधी निकालाने भर घातली, की कायद्यात प्रक्रिया असणं पुरेसं नाही, ती न्याय्य असायला हवी, म्हणजे माणसाला ऐकून घ्यायला हवं. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने कसोटी बांधून दिली: कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि त्या हेतूच्या प्रमाणातच निर्बंध. दिल्ली उच्च न्यायालयाचा 2015 चा प्रिया पिल्लई निकालही वाचा. ब्रिटिश खासदारांसमोर बोलायला निघालेल्या कार्यकर्तीची एलओसी तिथे रद्द झाली.

आता वरची म्हापशाची आणि वास्कोची उत्तरं शेजारी ठेवून पाहा. विमानात दारू पिऊन दंगा करणाऱ्याला न्यायाधीश, लेखी कारण, मुदत आणि दोन अपिलं. एलओसी असलेल्याला काउंटरवरचं एक वाक्य. आधी कळवलं तर संशयित पळेल, हे सरकारचं म्हणणं खरं आहे. पण अडवून झाल्यावर पळण्याचा प्रश्नच उरत नाही. त्या क्षणी कारण आणि ओरिजिनेटरचं नाव लेखी द्यायला काय हरकत आहे, याचं पटणारं उत्तर आम्हाला मिळालेलं नाही. दुसरी खोच अशी: रिट दाखल झाली की एलओसी गुपचूप मागे घेतली जाते आणि याचिका निष्फळ म्हणून निकाली निघते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये फिक्रे प्रकरणात, नो-फ्लाय यादीतून नुसतं नाव काढल्याने खटला संपत नाही, पुन्हा घालणार नाही हे सरकारने दाखवावं, असं एकमताने म्हटलं. प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्या.

पोलिसांनी तपासात पासपोर्ट घेतला तो आठ महिने परत नाही. (केपे)

पोलीस पासपोर्ट पुरावा म्हणून जप्त करू शकतात, अडकवून ठेवू शकत नाहीत. तो अधिकार पासपोर्ट कायद्याच्या कलम 10(3) खाली फक्त पासपोर्ट अधिकाऱ्याचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या सुरेश नंदा प्रकरणात सांगितलं. कोर्टात परतीचा अर्ज करा. पासपोर्ट अधिकाऱ्याने जप्त केला असेल तर 10(5) खाली लेखी कारणं मागा आणि 30 दिवसांत कलम 11 खाली अपील करा. केस चालू असताना नवा पासपोर्ट हवा असेल तर कोर्टाची परवानगी लागते. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून 'दहा वर्षांसाठी' हे शब्द अर्जातच मागा.

डिजियात्रा वापरली तर चेहरा सरकारी यादीत जातो का? (फोंडा)

डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात आत सोडणारी सोय, ऐच्छिक आहे, देशांतर्गत प्रवासापुरती आहे, आणि विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर 24 तासांत पुसायची असा तिचा नियम आहे. गेटवर कुणी सक्ती केली तर ओळखपत्र आणि तिकीट दाखवून नेहमीच्या रांगेने जा. चेहऱ्यापेक्षा आंतरराष्ट्रीय तिकिटाकडे लक्ष द्या: 2022 च्या नियमांनुसार विमान कंपन्यांनी बुकिंगचा तपशील उड्डाणाच्या 24 तास आधी कस्टम्सच्या केंद्राला द्यायचा आहे, आणि तो 5 वर्षं ठेवला जातो. त्यात फोन नंबर आणि पैसे कसे भरले हेही येतं. एजंटाने स्वतःचाच नंबर पन्नास प्रवाशांच्या तिकिटांवर घातला असेल, तर ते पन्नास जण तिथे एकमेकांशी जोडलेले दिसतील. तिकीट काढताना आपला नंबर घालायला सांगा.